गाडी सकाळी उठत नाही

नाशिक जिल्ह्यात थंडी पडली की पेपरात पहिले नाव निफाडचे येते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात आणि दुसऱ्या दिवशी सगळा महाराष्ट्र तो आकडा वाचतो. २०१८ च्या डिसेंबरात, शेवटच्या आठवड्यात, हा पारा १.८ अंशांवर उतरला होता. पानांवरचे दव गोठले. बागायतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून बसले, कारण अशा थंडीत मणी तडकतात. पेपरात शेकोट्यांचे फोटो आले, तडकलेल्या मण्यांचे आले. यंत्राच्या पोटातल्या तेलाचे थंडीत काय होते, ते मात्र कुठे छापून येत नाही. आम्हांला ते कळले, कारण त्या तेलापायी आमच्या धाकट्या भावाची नोकरी जायची वेळ आली होती.

आम्ही मालेगावात उर्दू हायस्कुलात विज्ञान शिकवतो. घरात आणि वर्गात 'हम' म्हणायची सवय, त्यामुळे मराठीत लिहायला बसलो तरी 'मी' कागदावर उतरत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. अब्बा पॉवरलूमवर होते. धाकटा दहावीनंतर लूमवरच लागला होता, पण धंद्यातली मंदी पाहून त्याने फोर्कलिफ्ट चालवायला शिकून घेतले आणि २०१८ च्या दसऱ्यानंतर निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसात ठेकेदारामार्फत कामाला लागला. महिना अकरा हजार. राहायला तिथेच पत्र्याची खोली.

पॅकहाउस ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बागेतून क्रेटमध्ये माल येतो. आत बायका बसून घड साफ करतात, वजन करून खोक्यांत भरतात. मग माल आधी थंड करतात आणि शून्य-एक अंशाच्या शीतगृहात ठेवतात. तिथून कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे जातो. शीतगृहात धुराची गाडी चालत नाही, तिथे बॅटरीची असते. बाहेर अंगणात रिकामे पॅलेट, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, टेम्पोतले क्रेट उचलायला डिझेलची तीन टनी गाडी. धाकट्याकडे ती होती. शीतगृहातल्या गाडीला निदान भिंती आणि छप्पर होते, ही रात्रभर उघड्यावर उभी असायची.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "भाईजान, गाडी सुबह उठती नहीं." आम्हांला वाटले बॅटरी उतरली असेल. तसे नव्हते. इंजिन चालू व्हायचे, गाडी पुढे-मागे जायची, पण लिव्हर ओढला की काटे वर जायलाच तयार नसत. गेलेच तर आचके देत, रडतखडत. पंपातून खडे दळल्यासारखा आवाज यायचा. अकरा वाजले की सगळे ठीक, जणू सकाळी काही झालेच नव्हते. मॅनेजर दहा वाजता येत असे, त्यामुळे त्याने आजार कधी पाहिलाच नाही. टेम्पोवाल्यांच्या तक्रारी तेवढ्या त्याच्या कानावर गेल्या. ठेकेदाराने निकाल देऊन टाकला: पोरगा सकाळी थंड गाडीला रेस देतो, त्याने पंप खाल्ला. नव्या पंपाचे अठरा हजार, दरमहा तीन हजारांप्रमाणे सहा महिने पगारातून कापायचे. नको असेल तर घरी जावे.

अकरा हजारांतले तीन गेले तर आठ उरतात, हा हिशोब चौथीचे मूलही करील. पण धाकट्याला पैशांपेक्षा दुसरेच लागले होते. "मशीन बिघडवली" हे वाक्य लूमवाल्याच्या घरात फार वाईट मानतात. अब्बांनी तीस वर्षे लूम चालवले. नुसत्या आवाजावरून ते सांगायचे की धोट्याची तक्रार आहे की पट्ट्याची. त्यांनी फोन घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "आवाज कब आता, कब जाता?" भांडण, ठेकेदार, पैसे हे नंतर. आमच्या मते पुढचा सगळा तपास त्या एका प्रश्नात होता.

बी.एड.ला असताना आम्हांला निदानात्मक चाचणी शिकवली होती. मूल गणितात नापास झाले तर त्याला ढ म्हणून मोकळे व्हायचे नाही, ते नेमक्या कोणत्या पायरीवर अडखळते ते शोधायचे आणि मग उपचारात्मक अध्यापन करायचे. परीक्षेत यावर दहा गुणांची टीप लिहिली होती. वर्गात साठ मुले असली की निदान कागदावरच राहते, ही गोष्ट वेगळी. या वेळी मूल एकच होते, तेही तीन टनांचे. आम्ही एक किरकोळ रजा टाकली, प्रयोगशाळेच्या नोंदवहीत सही करून तापमापी घेतला, मोबाइलमध्ये स्टॉपवॉच होतेच, आणि संध्याकाळच्या एसटीने निघालो.

पहाटे साडेपाचला अंगणात उभे राहिलो तेव्हा बोटे वाकत नव्हती. लांब बागांमध्ये शेकोट्या दिसत होत्या. गाडीच्या सीटवर दव साचले होते. तापमापी तेलाच्या टाकीत सोडायचा मोह झाला, पण काच आत फुटली असती तर ठेकेदाराला आयतेच कारण मिळाले असते. म्हणून तो टाकीच्या पत्र्याला टेकवला आणि वरून चिंध्या गुंडाळून बांधला. दहा मिनिटांनी पारा सहा अंशांवर स्थिरावला.

आधी नुसते पाहून घेतले. तेलाची पातळी काडीवर बरोबर. टॉर्च लावून झाकणातून पाहिले. तेलावर फेस नव्हता, रंग दुधाळ नव्हता. हे पाहणे महत्त्वाचे असते. पंपाच्या चोखणीच्या बाजूला कुठे हवा घुसत असेल तर तेल फेसाळते, आणि पाणी मिसळले असेल तर ताकासारखे दिसते. थंडीत रबरी होज कडक होतो, क्लॅम्पची पकड सैल पडते आणि हवा आत जाते. म्हणून त्या सांध्यावर घट्ट ग्रीस थापून पाहिले. हवा तिथून येत असेल तर ग्रीसने भोक बुजते आणि आवाज बदलतो. बदलला नाही.

मग धाकट्याने मास्ट पुढे-मागे झुकवून पाहिला. तोही तितकाच सुस्त. इथे एक फाटा मिटला. उचलणे आणि झुकवणे यांचे सिलिंडर वेगळे, लिव्हर वेगळे, पण टाकी, जाळी आणि पंप एकच. एकच काम बिघडले असते तर त्या सिलिंडरकडे बोट दाखवले असते. दोन्ही बिघडली म्हणजे दोष दोघांच्या सामाईक घरात.

त्यानंतर वेळ मोजायला घेतली. मास्टवर खडूने तीन मीटरची खूण केली. धाकटा म्हणाला, पंप असा रडत असताना पूर्ण रेस देणार नाही, त्याला इजा होते. त्याचे बरोबर होते, आणि ज्याच्यावर रेस देण्याचा आरोप आहे तोच हे म्हणतो आहे, हे आम्ही मनात टिपून ठेवले. अर्ध्या रेसवर सगळी मापे घ्यायची ठरले. दर वेळी आधी रिकामे काटे, मग दीड टनाचा गठ्ठा. सकाळी सहा अंशांना रिकामे काटे तीन मीटर चढायला एकोणीस सेकंद लागले. गठ्ठ्यासह वीस. साडेआठला टाकी सतरा अंशांवर होती, रिकामे अकरा सेकंद. साडेअकराला चौतीस अंश, रिकामे सात. आवाज पार गेलेला. आम्ही निघायच्या तयारीत होतो. सकाळची कुरकुर मोजून झाली, आता काय राहिले? पण दुपारी टेम्पोंची रांग लागली, गाडी सलग चालली आणि अडीचला तेल बावन्न अंशांवर गेले, तेव्हा धाकटाच म्हणाला, आता एकदा घ्या. रिकामे काटे सात सेकंद. गठ्ठा लावल्यावर तेरा.

हे आकडे आम्ही पॅकहाउसच्या पायरीवर बसून वहीत मांडले आणि बराच वेळ पाहत राहिलो. सकाळी ओझे असले-नसले तरी वेळ जवळजवळ सारखाच. दुपारी ओझे लावताच वेळ दुप्पट. एकाच गाडीत दोन आजार होते, आणि एक दुसऱ्याला झाकत होता.

सकाळचा आजार चोखणीचा. तेल इतके घट्ट की पंपाला ते टाकीतून ओढून घेताच येत नाही. पुढे ओझे किती आहे हा प्रश्न नंतरचा, पंपात तेल आलेच नाही तर तो ढकलणार काय? ओढताना चोखणीकडचा दाब इतका खाली जातो की तेलात बुडबुडे तयार होतात, आणि पंपातून जाताना दाबाखाली ते फुटतात. खडे दळल्याचा आवाज तोच. धातूवर त्याचे बारीक खड्डे पडतात. दुपारचा आजार उलटा. तेल पातळ झाले, चोखणी सुरळीत झाली, पण पंपाचे दात आणि घर झिजलेले, त्यामुळे ओझ्याचा दाब वाढला की तेल फटीतून मागे गळते. झिजलेला पंप गरम तेलात उघडा पडतो, थंड तेलात लपतो.

सिलिंडरची सील गळत असती तरी ओझ्याने फरक पडला असता, म्हणून तेही पाहिले. तेल गरम असतानाच गठ्ठा एक मीटर उचलला, इंजिन बंद केले, खूण केली आणि दहा मिनिटे थांबलो. गठ्ठा जेमतेम दोन बोटे उतरला. सील ठीक. या दहा मिनिटांत धाकट्याने तिथल्या दोन हमालांना दोनदा हाकलले. काट्यांखालून जायचे नाही, बंद गाडीच्या तर मुळीच नाही. गळती हाताने चाचपायची नाही, हेही त्याने त्यांना दाखवले: होजला सुईएवढे भोक असेल तर दाबाखालचे तेल कातडीतून आत घुसते आणि हात कापायची वेळ येते. पुठ्ठा धरून पाहायचे. हे त्याला कोणी शिकवले असे विचारले तर म्हणाला, प्रशिक्षणात सांगितले होते. अकरा हजारांच्या माणसाकडून एवढे लक्षात ठेवण्याची अपेक्षा असते, पण त्याचे श्रेय द्यायची पद्धत नाही.

आता तेल इतके घट्ट का? या चिकटपणाला उर्दूत लजूजत म्हणतात आणि मराठीत विष्यंदिता. दोन्ही शब्द मुलांच्या घशात सारखेच अडकतात. अम्मी शिऱ्याच्या पाकाला 'गाढा' म्हणते, वर्गात तोच शब्द कामाला येतो. हायड्रॉलिक तेलाच्या बादलीवर ३२, ४६, ६८, १०० असा एक आकडा असतो. चाळीस अंशांना ते तेल किती गाढे, ते हा आकडा सेंटिस्टोकमध्ये सांगतो. पण गाढेपणा तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. चाळीस अंशांवरून पाच-सहा अंशांवर आणले तर १०० नंबरचे तेल आठ-दहा पट घट्ट होते. त्याच थंडीत ४६ नंबरचे त्याच्या निम्म्याहूनही पातळ राहते.

गाडीची पुस्तिका मॅनेजरच्या कपाटात होती. इंग्रजीत असल्यामुळे कोणी उघडली नव्हती, वरचे प्लॅस्टिकसुद्धा तसेच होते. आत तेल ४६ लिहिले होते. स्टोअरचे काम पाहणारे एक वयस्क गृहस्थ होते, कोणाच्या अध्यात-मध्यात नसणारे. त्यांना आम्ही विचारले, शेवटचे तेल कधी भरले? त्यांनी चष्मा लावला, वही काढली आणि बोट ठेवले. मे २०१८, हायड्रॉलिक तेल १००, तीन बादल्या. शेजारी शेरा: दुपारी गाडी माल उचलत नाही म्हणून.

इथे गोष्ट स्पष्ट झाली. मे महिन्याच्या उन्हात झिजलेला पंप दुपारी हरत होता. बाहेरून आलेल्या कोणा मिस्त्रीने पंप बदलण्याऐवजी जाड तेल भरले. जाड तेल फटीतून कमी गळते, तेव्हा उन्हाळा आणि पावसाळा निभावला. आठ महिन्यांनी निफाडची थंडी आली आणि तो उपाय उलटला. धाकटा कामाला लागला तो दसऱ्यानंतर. पंप मे महिन्यातच झिजलेला होता, याचा पुरावा मालकाच्याच वहीत होता.

आम्ही न्याय करायला बसलो तर एवढेही म्हणू की, डिसेंबर-जानेवारीत तो पंप आणखी खराब झाला असणार. घट्ट तेल ओढताना पंप झिजतोच, आणि टेम्पोवाले हॉर्न वाजवत असताना कधी रेस दिली नसेल असे धाकटाही छातीठोक म्हणाला नाही. पण पुस्तिकेत चाळीस-सेहेचाळीस काय ते न वाचता तेल भरणारा मोकळा, आणि त्या तेलावर पहाटे काम करणारा दोषी, हे आम्हांला पटण्यासारखे नव्हते.

मॅनेजरला आकड्यांचा कागद दाखवला. तो कॉमर्सचा पदवीधर होता, तक्ता लगेच समजला. ठेकेदाराला तक्त्याशी देणेघेणे नव्हते, त्याला मे महिन्याची नोंद दाखवावी लागली. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही उर्दू शाळेचे ना? इंजिनिअरिंग कुठे शिकलात?" आम्ही म्हणालो, घड्याळ आणि तापमापी वाचायला इंजिनिअरिंग लागत नाही. कापणी थांबली. डिसेंबरच्या पगारातून कापलेले तीन हजार मात्र परत आले नाहीत. "पुढे बघू" असे सांगितले गेले, आणि ते पुढे कधी आले नाही.

तेल दुसऱ्या आठवड्यात बदलले. टाकी रिकामी केली तेव्हा चोखणीची जाळी बाहेर काढली. तिच्यावर काळा गाळ, रबराचे तुकडे आणि चिंधीचे धागे असे थापले होते की जाळी कशाची आहे ते ओळखू येईना. घट्ट तेल आणि त्यात बुजलेली जाळी, म्हणजे जाड पाक चहाच्या चोंदलेल्या गाळणीतून ओढायचा प्रकार. जाळी धुतली, परतीच्या बाजूचा फिल्टर नवा घातला, ४६ नंबरचे तेल भरले. सकाळचा आवाज गेला. दुपारचे दुखणे, जसे अपेक्षित होते तसे, वाढले, कारण आता लपायला जाड तेल नव्हते. मग फेब्रुवारीत पंपही आला, मालकाच्या खर्चाने.

तोपर्यंतच्या दिवसांत लोकांनी सुचवलेले उपायही लिहून ठेवण्यासारखे आहेत. एकाने टाकीखाली शेकोटी पेटवायला सांगितले, शेजारी डिझेलची टाकी असताना. दुसऱ्याने तेलात लिटरभर रॉकेल ओतायला सांगितले. रॉकेलने तेल पातळ होते खरे, पण वंगण जाते, सील फुगतात आणि गरम झाल्यावर पंपाची उरलीसुरली ताकदही जाते. धाकट्याने दोन्हींना नकार दिला आणि तो साधे काम करत राहिला: साडेपाचऐवजी सव्वापाचला उठायचे, इंजिन मंद चालू ठेवायचे, पाचेक मिनिटांनी रिकामा मास्ट हळूहळू झुकवायचा, मग काटे हातभर वर-खाली, मग मीटरभर. तेल फिरले की तापते. रात्री गाडी पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला उभी करून वर जुनी ताडपत्री टाकायची. त्या पंधरा मिनिटांचा पगार कोणी दिला नाही.

जुना पंप भंगारात जाणार होता. धाकट्याने तो मागून घेतला आणि मालेगावला आणला. अब्बांनी तो उघडा केलेला पंप मांडीवर घेतला, दातांवरून अंगठा फिरवला आणि चोखणीच्या बाजूचे बारीक खड्डे आम्हांला दाखवले. देवीचे व्रण असावेत तसे. "ये ठंड का है," म्हणाले, आणि घराच्या आतल्या बाजूला पडलेली लांब घासणी दाखवून, "ये पुराना." आम्ही दोन दिवस आकडे मोजून जे काढले ते त्यांनी अंगठ्याने वाचले. पंप आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. पास्कलचा नियम शिकवताना दोन सिरिंज आणि नळीचा प्रयोग करतो, त्यानंतर तो टेबलावर ठेवतो. मुलांना खड्डे फार आवडतात.

धाकटा पुढच्या वर्षी तो हंगाम धरायला गेला नाही. तो आता पनवेलच्या बाजूला मासळीच्या शीतगृहात आहे. तिथे उणे वीस अंश, बारा महिने, आणि गाडी बॅटरीची. तिथल्या गाड्यांत ३२ पेक्षाही पातळ तेल असते, सील वेगळ्या रबराचे असतात. त्याची तिथली तक्रार निराळी आहे. बर्फाच्या खोलीतून गाडी बाहेर दमट हवेत आणली की मास्ट घामेजतो, पाणी साखळीवर आणि सिलिंडरच्या दांड्यावर उतरते आणि परत आत गेली की तिथेच गोठते. वर-खाली होताना तो बर्फ सीलला खरवडतो. गेल्या महिन्यात त्याने फोन करून विचारले की गाडी आत-बाहेर करण्याऐवजी एक आतच ठेवावी, असे साहेबांना कोणत्या शब्दांत सांगावे. आम्ही म्हणालो, आधी आठवडाभर वेळा लिही, किती वेळा बाहेर येते, सील कधी गळते. तो म्हणाला, लिहिल्या आहेत, अर्ज मराठीत हवा की इंग्रजीत तेवढे सांगा.